चिरंजीव रंधा मारतात

फोर्ट ब्रॅग, कॅलिफोर्निया

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचे चिरंजीव खुशाल आहेत. दहाही बोटं जागच्या जागी आहेत, हे आधीच सांगून टाकते.

इतकी वर्षं संगणकापुढे बसलेले हे गृहस्थ आता सकाळी डबा घेऊन क्रेनॉव्ह स्कूल या लाकूडकामाच्या शाळेत जातात. पॅसिफिकच्या काठचं गाव, नऊ महिन्यांचा अभ्यासक्रम आणि निम्म्या वयाचे वर्गमित्र. सॅन फ्रान्सिस्कोकडच्या मराठी मंडळींनी ‘या वयात सुतारकाम?’ असं विचारलं की यांचं उत्तर तयार असतं. ज्यांच्या नावाची ही शाळा, त्या जेम्स क्रेनॉव्ह यांचा जन्म सायबेरियातला. स्टॉकहोमला कार्ल माल्मस्टेन यांच्या शाळेत ते शिकायला बसले तेच मुळी पस्तिशी उलटल्यावर. १९८१ साली त्यांनी इथे शिकवायला सुरुवात केली. उतारवयात दृष्टी अधू झाली, तरी रंधे घडवणं सोडलं नाही. एवढं ऐकल्यावर पाहुणे निमूट चहा पितात.

फर्निचर काय केलं, असं विचाराल. ते व्हायचंय.

इथे विद्यार्थी आधी स्वतःचा रंधा करतो. लाकडाचा ठोकळा घ्यायचा, दोन्ही बाजूंच्या फळ्या कापून काढायच्या, मधल्या भागात पातं टेकायला साधारण ४५ अंशांचा उतार कापायचा आणि सगळं पुन्हा चिकटवायचं. ‘परत चिकटवायचं तर कापलं कशाला?’ असं तुमच्या नातीनं विचारलं. अखंड ठोकळा वरून पटाशीनं कोरणं फार अवघड, एवढंच उत्तर होतं. त्यात वरणभात गार झाला.

मग धार. पात्याच्या पाठीत आपला चेहरा दिसेपर्यंत ती दगडावर घासायची. हल्ली यांच्या डाव्या हातावर केस नाहीत. काळजी नको, धार तपासायची ती रीत आहे.

कुणाकडे जेवायला गेलं की हे आधी टेबलाखाली वाकून सांधे बघतात. परवा यजमानीणबाईंना वाटलं, यांचा चमचा पडला. त्यांनी दुसरा आणून दिला. आमच्या टेबलाचा पाय मात्र अजून वर्तमानपत्राच्या घडीवर उभा आहे. दुरुस्त करा म्हटलं तर म्हणतात, ‘हे लाकूड नव्हे, दाबलेला भुसा!’

बाबांसाठी निरोप आहे. लाकूड हवेतला ओलावा पितं आणि रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाहीच. म्हणून चांगल्या दारात मधली फळी चिकटवत नाहीत, चौकटीच्या खाचेत मोकळी ठेवतात. तेव्हा पावसाळ्यात न्हाणीघराचं दार अडलं तर बाबांनी त्याला लाथ मारू नये. त्याची बाजू शास्त्रानं खरी आहे.

आता महत्त्वाचं. तुमच्यासाठी देव्हारा करायचं ठरलंय. सागवानाचा नाही हं, सागातल्या सिलिकानं पात्याची धार जाते, अक्रोडाचा. पॉलिश लाखेचं, म्हणजे सोवळ्यालाही चालेल. तेवढी देवांची मापं पाठवा. बाळकृष्णाची उंची मुकुटासकट, मिलिमीटरमध्ये, आणि साडीच्या फॉलची टेप न वापरता.

गणपतीपर्यंत होईल म्हणतात. कुठल्या सालच्या, असं विचारलं तर धार लावायला उठून गेले.

कळावे,
तुमची सून