प्लस-मायनस शून्य

कोल्हापुरात नेमबाजाचं कुणाला नवल नाही. तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं, राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये पिस्तुलाचं सुवर्ण आणलं, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने ब्राँझ घेतल्यावर तर बॅट मागणाऱ्या पोरांतली दोन-चार रायफल मागू लागली. मेस्त्रीचंही इथे नवल नाही. उद्यमनगरात मोडका पार्ट टेबलावर ठेवला की समोरचा माणूस मोडका म्हणजे काय एवढंच विचारतो, बाकी संध्याकाळी घेऊन जा. पण ही दोन्ही खुळं एका छपराखाली नांदायला लागली की जो गृहस्थ तयार होतो, तो म्हणजे आमचे आबा.

आबा टूलरूममधून रिटायर झाले. निरोपाला मिळालेलं घड्याळ त्यांनी उघडून पाहिलं, "असेंब्ली ढिली हाय" म्हणाले आणि कपाटात टाकलं. मग भंगाराच्या भावात एक जुनं मिलिंग मशिन घेतलं. ते आत आणायला गेटचा एक खांब पाडावा लागला. खांब अजून पडलेलाच आहे. मशिन मात्र चारी बाजूंनी लेव्हल लावून असं बसवलंय, की घर एका अंगाला कललेलं आहे हा शोध आबांना त्याच दिवशी लागला. तेव्हापासून ते भिंतीवरचे फोटो मशिनच्या हिशेबाने सरळ करतात. वहिनींना ते सगळे वाकडे दिसतात.

बहिणीची मुलगी एअर पिस्तूल मारायला लागली आणि आबांना जन्माचं काम मिळालं.

"आबामामा, मूठ जरा मोठी होतीय," एवढंच ती म्हणाली होती.

आबांनी नियमांचं पुस्तक छापून आणलं आणि लग्नाच्या याद्यांसारखं लाल पेनाने रंगवलं. पिस्तुलाचं वजन १५०० ग्रॅमच्या आत. सगळं मिळून ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या खोक्यात बसलं पाहिजे. ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा. मनगट मोकळं. दहा मीटरवरच्या टार्गेटमधला दहाचा गोल साडेअकरा मिलिमीटरचा, हे वाचून तर ते खूशच झाले. "साडेअकरा? अरे, एवढ्यात ट्रक वळतोय!" मग त्यांनी कागदावर गणित मांडलं. पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात साधारण तीनशे मिलिमीटर अंतर. माशी एक मिलिमीटर सरकली तर दहा मीटरवर गोळी तेहतीस मिलिमीटर सरकते. ट्रक घाटातून खाली गेला. त्या रात्री आबा जेवले नाहीत.

गल्लीतली पोरं येऊन डोळा मारायची. "आबा, मशिन हाय, हात हाय, खरंच बनवा की एक!" यावर आबा जे बोलत त्यातलं छापण्याजोगं एवढंच, की १९५९ चा शस्त्र कायदा आहे आणि परवान्याशिवाय बंदूक घडवणाऱ्याला आत घालतात. नळी आणि आतली यंत्रणा कंपनीची, तिला त्यांनी कधी हात लावला नाही. त्यांची हद्द मुठीपासून वजनांपर्यंत. पण त्या हद्दीत आबा छत्रपती होते.

पितळेची वजनं झकास झाली. ट्रिगरवर बोट टेकायची पट्टी झाली, तिच्यावरच्या बारीक रेघा भिंगातून बघाव्यात अशा. पितळेचा चुरा पायमोज्यांतून देवघरापर्यंत गेला, तरी वहिनी गप्प होत्या, कारण भाची त्यांचीही लाडकी.

घोडं अडलं मुठीपाशी. मूठ लाकडाची. आबांनी शिसवीचा ठोकळा आणला, ॲल्युमिनियमचे मऊ जबडे करून व्हाइसमध्ये धरला आणि कटर लावला. लोखंड कापणाऱ्या मशिनवर लाकूड कापणं हे टूलरूममधलं महापाप. भुसा तेलात बसतो, त्याचा चिखल होतो आणि तो टेबलाच्या सरकपट्ट्यांत शिरतो. आबा दर पाच मिनिटांनी थांबून ब्रशने पुसत, मनातल्या मनात मशिनची माफी मागत. मूठ निघाली. मापाला दोन शतांशसुद्धा चूक नाही.

भाचीने धरली आणि म्हणाली, "इथं टोचतंय."

"कुठं?"

"सकाळी न्हाय. दुपारी टोचतंय."

तळहात दुपारी फुगतो, सरावानंतर आणखी फुगतो, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात लाकूडही फुगतं. ज्या जॉबचं माप दिवसातून तीनदा बदलतं, तो जॉब आबांच्या चाळीस वर्षांत आला नव्हता. त्यांनी भाचीच्या हाताचं व्हर्निअरने सकाळ, दुपार, संध्याकाळ माप घेऊन तक्ता केला. ती परीक्षेला गेली तेव्हा तिच्या बोटांची सरासरी भिंतीवर लटकत होती.

शेवटी क्लबच्या कोचने निरोप धाडला, की कानशीने खरवडा, जिथे कमी पडेल तिथे लांबी भरा, ती ओली असताना मूठ दाबून धरू द्या. सगळे तेच करतात.

"लांबी?" आबा उभेच राहिले. "गाडीचा पत्रा हाय काय ह्यो?"

भाचीने मामाच्या दुपारच्या झोपेत कानस घेतली, कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून लांबी आणली आणि तासाभरात काम उरकलं. मुठीवर तिच्या चार बोटांचे खड्डे उमटले. आबांनी ते डायल लावून मोजायचा प्रयत्न केला. काटा कुठेच थांबेना. त्यांनी मूठ बराच वेळ हातात फिरवली आणि "सरफेस फिनिश बेकार" असा शेरा मारला.

ट्रिगर मात्र त्यांच्या हाती होता. गुजरीत सोनाराच्या काट्यावर तोलून त्यांनी ५०० ग्रॅमचं पितळी वजन बनवलं आणि ट्रिगर बरोबर ५०० वर आणला. शहाणा नेमबाज दहा-पंधरा ग्रॅम वर ठेवतो, कारण तपासणीत नळी उभी धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवून उचलतात, आणि ते न सुटता उचललं गेलं पाहिजे. आबांना हे सांगून झालं होतं. "वर ठेवणं म्हणजे हात कच्चा असल्याची कबुली," ते म्हणाले.

स्पर्धेच्या दिवशी तपासनिसाने वजन उचललं. टक. पुन्हा उचललं. टक.

"तुमचं वजन तपासून घ्या," आबा तपासनिसाला म्हणाले.

भाचीने खिशातून ॲलन की काढली, स्क्रू थोडा आवळला. वजन उचललं गेलं. हे सगळं इतक्या चटकन झालं, की आबांचं वाक्य संपायच्या आत ती रेंजवर पोचली होती.

साठ गोळ्या, पंचाहत्तर मिनिटं. संध्याकाळी मी घाईघाईने विचारलं, "आबा, किती मारले पोरीनं?"

"ते बघ की लागलंय बोर्डावर," आबा म्हणाले. "पण तिच्या लेनचं टेबल डुगडुगतंय. डाव्या मागच्या पायाला सूतभर कमी हाय. मी सेक्रेटरींना बोललोय, रविवारी पाय सोडवून घरी न्यायचाय."

रविवारी नेला. आता ते टेबल हलत नाही, आणि बाकीच्या लेनवाल्यांनी अर्ज दिलेत.