कितलं देस?

खान्देशात नवी गाडी दारात आली, की नारळाच्या आधी प्रश्न फुटतो : "कितलं देस रे भो?" एअरबॅग किती, ब्रेक कसे, हे पुण्या-मुंबईकडच्यांनी विचारावं. आपल्याकडे फक्त ॲव्हरेज. कंपनीचा आकडा प्रयोगशाळेत, गाडी रोलरवर पळवून काढलेला. धुळ्याचा मालक त्यात पदरचे दोन किलोमीटर घालतो. जळगावचा तीन घालतो.

आकडा एवढा प्रिय, मग पेट्रोल वाचत का नाही? वाचवायच्या आमच्या तऱ्हाच तशा आहेत. गुजरातेत पेट्रोल लिटरमागे साधारण दहा रुपयांनी स्वस्त. नवापूरकरांना ते सोयीचं, हद्द त्यांच्या दारातच. पण धुळ्यातलेही काही हिशेबी लोक सुरतेकडच्या कामाचं निमित्त काढून टाकी 'फुल' करून येतात. पस्तीस लिटरवर वाचले साडेतीनशे. जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर, म्हणजे अकरा लिटर जळालं, हजाराच्या वर गेले. पण वाचलेले साडेतीनशे चारचौघांत सांगता येतात ना!

दुसरी तऱ्हा लळिंग घाटातली. उतार लागला की गाडी न्यूट्रल. ही विद्या कार्ब्युरेटरच्या जमान्यातली. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत उतारावर गिअर तसाच ठेवून ॲक्सिलेटरवरचा पाय काढला, तर इंजिनाचं पेट्रोल जवळजवळ बंदच होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं, की बिचाऱ्या इंजिनाला जिवंत राहायला पुन्हा पेट्रोल लागतं. वर गाडीचा सगळा भार ब्रेकवर. मागून कंटेनर येत असताना ही बचत करायला छाती लागते.

तिसरी तऱ्हा थट्टेची नाही : घरगुती सिलिंडरचा गॅस गाडीत भरण्याची. जळगावात नोव्हेंबर 2024 मध्ये इच्छादेवी चौकाजवळ घरगुती सिलिंडरमधून ओम्नीत गॅस भरताना स्फोट झाला, भाजलेल्यांपैकी काही दगावले. स्वस्त किलोमीटरचा तो धंदा कुठे चालतो हे सगळ्या गल्लीला माहीत असतं. फक्त यंत्रणेला स्फोट झाल्यावर कळतं.

महामार्गाचं तर काय सांगावं. धुळे-जळगाव चौपदरीकरण रखडलेलं होतं तेव्हा पारोळा, एरंडोल करत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर ॲव्हरेजचं वाटोळं व्हायचं आणि शिव्या सरकारला जायच्या. रस्ता जिथे झाला तिथे आता काटा एकशेवीसवर. मर्यादा शंभरची आहे, पण पाटी वाचायला तरी थोडं हळू चालावं लागतं. वेग दुप्पट झाला तर हवेचा अडथळा चौपट होतो. साठवरून एकशेवीसवर गेलेल्या पायाला कोण सांगणार? एवढं करून वाचवलेल्या वीस मिनिटांत हे महाशय जळगावात करतात काय, तर चव्वेचाळीस डिग्रीत, हॉटेलबाहेर, इंजिन आणि एसी चालू ठेवून भरिताची वाट बघतात.

सध्या सगळं खापर इथेनॉलवर आहे. ते अगदीच खोटं नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे वीस टक्के मिसळलं की फटका बसणारच. जुन्या गाड्यांत तीन ते सहा टक्के घट होते, हे सरकारही मान्य करतं. गंमत एवढीच, की इथेनॉल मक्याचंही होतं आणि मका आपल्याकडे भरपूर पिकतो. त्यामुळे बाजार समितीत इथेनॉल झिंदाबाद आणि पंपावर मुर्दाबाद, माणूस तोच.

पण त्याच पंपाच्या कोपऱ्यात हवेचं मशीन असतं, तिकडे हा माणूस फिरकत नाही. बत्तीस पौंड हवं तिथे टायरात बावीस. कमी हवेचा टायर रस्त्याला चिकटून चालतो आणि टाकी पितो. किती हवा भरायची तो आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर छापलेला असतो. आमच्या एका मित्राने नेमक्या त्यावरच 'आईचा आशीर्वाद' चिकटवलाय.