टेम्पोतून उतरली ती खुर्ची

अहो वहिनी, कढीपत्ता नंतर तोडा, आधी इकडे या. काल रात्री मागच्या काकांकडे टेम्पो आला होता, बघितलात का? फ्रिज नव्हता हो तो. विमानाची खुर्ची! पायलट बसतो ती, खरीखुरी. दारातून आत जाईना, म्हणून खिडकीचं ग्रिल काढलं.

ओझरहून उचलली? काहीतरीच काय तुमचं! काका रिटायर झाले त्या एचएएलच्या विमान कारखान्याच्या गेटातून टाचणी बाहेर येत नाही, आणि ते तर नाकासमोर चालणारे. मोडीत निघालेल्या प्रवासी विमानांचं सामान विकायला असतं म्हणे. खुर्ची, स्टिअरिंग, पायाखालची पेडलं, डायल, सगळं सुटं मिळतं. धुणं वाळत घालायच्या मागच्या खोलीत कॉकपिट मांडायचं चाललंय. समोर तीन पडदे, कॉम्प्युटर, आणि बसल्या जागी उड्डाण.

खूळ लागलं कधी माहितीये? २०२५च्या २६ सप्टेंबरला चंदीगडला मिग-२१ला निरोप दिला ना, तो टीव्हीवर बघताना. जन्मभर मिग जोडले हो त्यांनी, पण उडवायचे दुसऱ्यांनी. त्यात महिना होतो न होतो तोच ओझरहून तेजस उडालं. मग काय, आगीत तेलच!

पण खरी गंमत पुढेच आहे. विमानातल्या बऱ्याच डायलना ११५ व्होल्ट लागतात, तेही ४०० सायकलवाले. आपल्या घरात ५०. जास्त सायकल असली की ट्रान्सफॉर्मर, मोटरी लहान नि हलक्या होतात, म्हणून विमानात तसं. आता तेवढ्यासाठी वेगळं यंत्र कुठे बसवा? म्हणून काकांनी डायल उघडून आतलं सगळं काढलं आणि बोटभर मोटर घातली. स्टिअरिंगच्या दांड्याला तर रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचा पोटेन्शिओमीटर! तो फिरला की कॉम्प्युटरला कळतं, साहेब डावीकडे वळले. मी म्हटलं, काका, खरं म्हणून एवढ्या किमतीचं आणायचं आणि पोट रिकामं करून खेळण्यातलं भरायचं? तर म्हणाले, हाताला जड लागतं ना, तेवढंच हवंय. यावर काय बोलणार!

काकू वैतागल्यात, पण बोलू देतात का काका? लगेच दाखले. म्हणे अमेरिकेत एडविन लिंक म्हणून एक होता, घरचा बाजे-ऑर्गनचा कारखाना. त्याने १९२९मध्ये ऑर्गनचेच भाते लावून हलणारं, झुकणारं नकली विमान केलं, आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात हजारो पायलट त्यावर शिकले. मग आपले कॅप्टन अमोल यादव. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, तेही उडायचं! २०१६ला बीकेसीच्या प्रदर्शनात ठेवलेलं, आठवतंय? काका म्हणतात, मी तर एकच खोली अडवलीय. काकू म्हणाल्या, यादवांनी निदान घरातलं धुणं तरी बाहेर काढलं नव्हतं!

मला विचाराल तर बरं आहे हो. रिटायर झालेली माणसं दिवसभर सोसायटीच्या मीटिंगा घेत सुटतात, त्यापेक्षा हे परवडलं. नातू तर शाळेतून आला की दप्तर फेकून थेट ‘ओझरला लँडिंग’.

आता काकांना शेजारी को-पायलटची खुर्ची हवीय. काकूंनी सांगितलंय, जरूर आणा, पण आधी धुण्याच्या दोऱ्या कुठे बांधायच्या ते ठरवा. तेव्हा वहिनी, तुमच्या गच्चीबद्दल विचारायला त्या आज येणार आहेत, मी सांगितलं म्हणू नका.