अंगठेबहाद्दरांचे वाचनालय

आमच्या गावचे वाचनालय शंभरी ओलांडून बसले आहे. सोशल मीडियावर मात्र ते आले गेल्या पावसाळ्यात, वार्षिक सभेत 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' या कलमाखाली. तोवर चहा आला होता. ठराव एकमताने मंजूर झाला.

निकड खरी होती. 1967 च्या कायद्याने राज्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या अनुदानाची सोय लावली. पुढे त्यांचे अ, ब, क, ड असे वर्गही पडले. आमचे 'ब'. अनुदान येते, पण पाहुण्यासारखे; कधी येणार ते विचारायचे नसते. म्हणून लोकाश्रय मिळवायचा असे ठरले. एका सदस्याने स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरचा दाखला दिला. तिथले वाचनालय 1683 सालचे. त्याने ट्विटरवर अशी काही चेष्टामस्करी केली, की जगभरचे लोक त्याच्या नादी लागले आणि खुद्द जे. के. रोलिंग तिथल्या वाचकमंडळाला भेटून गेल्या. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "त्यात त्यांच्या अध्यक्षांचा फोटो असतो का?"

आमच्या पानावर असतो. 12 ऑगस्टला ग्रंथपाल दिन, 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन; तारीख बदलते, फोटो तोच. एक टेबल, हार घातलेली तसबीर, मागे ओळीने उभे नऊजण आणि त्यांच्या मागे कपाटे झाकणारा फ्लेक्स. एकदा पुस्तक दिसते का म्हणून मी फोटो मोठा करून पाहिला. कोषाध्यक्षांच्या कानामागे विश्वकोशाचा एक खंड सापडला. ग्रंथपाल दिन ज्यांच्या नावाने साजरा होतो, त्या रंगनाथनांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. पहिलाच असा, की पुस्तके वापरण्यासाठी असतात. पुस्तके पार्श्वभूमीसाठी असतात, हा सहावा आमच्या कार्यकारिणीने जोडला.

प्रतिसाद मात्र उदंड. पूर्वी ज्याला सही येत नसे तो अंगठा उठवी. आता पदवीधरही अंगठाच उठवतात. 'वाचनालय म्हणजे गावाची शान!' असे दर फोटोखाली लिहिणाऱ्या गृहस्थांची वर्गणी 2019 पासून थकली आहे.

या सगळ्यात आमच्या ग्रंथपाल ताई कुठे? फोटो काढायला. त्यांचा पगार सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. दिवाळीत त्यांनी स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या रिचार्जवर, वाचकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दोन ओळी टाकल्या: 'दिवाळी अंक आले. रहस्यकथावाल्या आजोबांचा अंक ड्रॉवरमध्ये ठेवलाय, दुपारी तीननंतर या.' आजोबा अडीचलाच हजर. मागोमाग 'आमचा अंक का नाही ठेवला' म्हणून भांडायला चौघे आले आणि चौघेही दिवाळी अंक योजनेचे पैसे भरून गेले. कार्यकारिणीने याची गंभीर दखल घेतली. संदेशात पदाधिकाऱ्यांचा नामोल्लेख नव्हता.

गेल्या आठवड्यात तर ताईंनी हद्दच केली. देवघेवीचे रजिस्टर चाळून, वर्षानुवर्षे न परतलेल्या पुस्तकांची यादी गटावर टाकली. नावे फक्त पुस्तकांची, माणसांची नव्हती. खाली एवढेच, 'दंड माफ, पुस्तक द्या.' पण गाव लहान. कुठली कादंबरी कुणाच्या शोकेसमध्ये आहे, हे सगळ्यांना पाठ. एकही अंगठा उठला नाही. अकराव्या मिनिटाला अध्यक्षांचा फोन गेला, "ताई, आधी ते काढा. संस्थेची बदनामी होते."

ताईंनी काढले. गटावर उरली एकच ओळ, हा मेसेज डिलीट केला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयासमोर चपला ठेवायला जागा नव्हती. काय होते ते, कुणाकुणाचे होते, यादी पाहायला मिळेल का, असे विचारत अख्खे गाव लोटले. ताई शांतपणे म्हणाल्या, "रजिस्टर सभासदांनाच दाखवते." दुपारपर्यंत पावतीपुस्तक संपले. पिशवीत वर्तमानपत्राखाली लपवून आणलेली सात पुस्तकेही परत आली.

संध्याकाळी पानावर गर्दीचा फोटो झळकला: 'अध्यक्षांच्या सोशल मीडिया मोहिमेला उत्स्फूर्त प्रतिसाद'. मीही अंगठा उठवला. त्या सातांतले एक माझे होते.