ओरिजिनल, डब्यासकट

जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांत दोन जाती आहेत. पहिली जात रविवारी सकाळी मुंबईच्या रॅलीत दिसते. तिच्याकडे रोल्स-रॉइस नाहीतर ब्युइक असते, ड्रायव्हरला पांढरा गणवेश असतो आणि गाडी रुसलीच तर मागून ट्रेलर येत असतो. दुसऱ्या जातीकडे फियाट असते. ट्रेलरच्या जागी मेहुणा असतो.

या दुसऱ्या जातीच्या माणसाला सोयीसाठी नाना म्हणू. नाना कोथरूडला असतात, पार्ल्यात असतात, कोल्हापुरातही असतात. गाडी मात्र सगळीकडे एकच, प्रीमिअर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९७४ पासून या नावानं बाहेर पडू लागलेली, १०८९ सीसीची, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. वडिलांनी नंबर लावला तेव्हा नाना अर्ध्या चड्डीत होते. गाडी दारात आली तेव्हा त्यांना मिशा फुटल्या होत्या. त्या प्रतीक्षेनं नानांच्या स्वभावाला जो बाक दिला तो कायमचा. जगात प्रत्येक वस्तू उशिरा मिळते, कमी मिळते आणि आज मिळाली तर उद्या मिळणार नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं. पुढे दुकानं भरली, मॉल झाले, मोबाइलवर भाजी घरी यायला लागली. नानांचा नंबर अजून लागलेलाच आहे.

नानांकडे गॅरेज आहे, पण गाडी बाहेर जांभळीखाली उभी असते, ताडपत्री पांघरून. कारण गॅरेजमध्ये गाडी आहे, सुटी. शेल्फावर चितळ्यांच्या श्रीखंडाचे रिकामे डबे ओळीनं मांडलेले. एकात सीबी पॉइंट, एकात कंडेन्सर, एकात रोटर. डिस्ट्रिब्युटर कॅपला स्वतंत्र डबा, वर हळदीकुंकवाचं बोट लावलेला. किंगपिनचा सेट ग्रीस लावून वर्तमानपत्रात गुंडाळलेला, आणि त्या वर्तमानपत्रात राजीव गांधी शपथ घेताहेत. मागचे पाटे पाहुण्यांच्या पलंगाखाली. पुढची काच काकूंच्या जुन्या इरकलीत गुंडाळून पोटमाळ्यावर. मधल्या काळात काही डबे स्वयंपाकघरात घुसले, तेव्हा काकूंनी त्यांच्यावर स्वतःच्या वळणदार अक्षरात चिठ्ठ्या डकवल्या. एका चिठ्ठीवर लिहिलंय, 'हे शेंगदाणे नाहीत.'

एवढा साठा असल्यावर गाडी सुरळीत चालत असेल, असं भाबड्या माणसाला वाटेल. पण साठा हा वापरण्यासाठी नसतो. एकदा पेट्रोलचा पंप गेला. मिस्त्री म्हणाला, "नाना, तुमच्याकडे नवा पंप आहे ना?"

"आहे."

"मग काढा की."

"तो ओरिजिनल आहे. डब्यासकट."

"म्हणूनच तर मागतोय."

"अरे, तो लावून टाकला तर मग माझ्याकडे नवा पंप कुठाय?"

मिस्त्री गप्प बसला. त्यानं जुन्याच पंपाला नवा डायफ्रॅम टाकला, तोही नाना पेठेतून उधारीवर आणलेला, लोकल. नानांच्या गाडीत आज जे काही फिरतं, वळतं आणि पेटतं ते सगळं दुरुस्त केलेलं, ठोकलेलं किंवा लोकल आहे. ओरिजिनल गाडी डब्यांत आहे आणि ती एक किलोमीटरसुद्धा चाललेली नाही.

यात एक गोम आहे. लोखंडाला ग्रीस लावलं की ते दम धरतं. रबर धरत नाही. ब्रेकचे वॉशर, होजपाइप, दाराची बीडिंग ही मंडळी बंद डब्यात बसल्या बसल्या वाळतात. वीस वर्षांनी नाना मोठ्या प्रेमानं एखादं पाकीट उघडतात आणि आतला वॉशर बिस्किटासारखा तुटतो. गाडीत लावला असता तर एव्हाना झिजून गेला असता, आता न वापरताच गेला. त्यात पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागल्यापासून जुन्या रबराची पंचाईत आणखी वाढली. यावर नानांनी काय केलं? नव्या जातीच्या, इथेनॉलला दाद न देणाऱ्या पाइपाची अख्खी गुंडाळी आणली. ती जपून ठेवली आहे.

नाना गाडी चालवतच नाहीत असं मात्र नाही. उन्हाळ्यात मुंबईला जातात, जुन्या हायवेनं. खंडाळ्याच्या घाटात शिंग्रोबाला थांबतात, बॉनेट उघडतात, देवाला नाणं टाकतात. सोबतच्यांना ही भक्ती वाटते. भक्ती आहेच, पण इंजिन निवायलाही तेवढाच वेळ लागतो. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला. मे महिन्यात तो तापला की आत पेट्रोलची वाफ होते आणि पुढे कार्बोरेटरपर्यंत काही पोचत नाही. त्यावर उपाय एकच, ओलं फडकं. म्हणून काकू डब्याबरोबर दोन नॅपकिन घेतात, एक हात पुसायला आणि एक पंपाला. पहिला नॅपकिन पुष्कळदा दुसऱ्याच्या कामी येतो आणि पुरीभाजी पदराला हात पुसून खाल्ली जाते. एअर कंडिशन्ड गाड्या शेजारून सूं करून निघून जातात. नाना त्यांच्याकडे दयेनं बघतात. "बॉनेट उघडलं तर आत काय आहे हे त्यांना कळतं का?" हा त्यांचा प्रश्न बिनतोड आहे. त्यांना बॉनेट उघडावं लागत नाही, हे काकूंचं उत्तरही बिनतोड आहे.

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली. पेपरांनी हळवे लेख छापले, लोकांनी लहानपणीच्या टॅक्सीच्या आठवणी काढल्या. नानांनी लेख वाचून चष्मा काढला. घरातल्यांना वाटलं, डोळे पुसणार. त्यांनी कुर्ल्याच्या एका भंगारवाल्याला फोन लावला आणि विचारलं, "दाराच्या काचा कुणाकडे गेल्या?"

भंगाराच्या बाबतीत नाना भावनाशून्य, पण भंगार समोर आलं की विरघळतात. एकदा त्यांनी सुट्या भागांसाठी म्हणून अख्खी दुसरी गाडी घेतली. घरी आणल्यावर कळलं, ती पद्मिनीच्या आधीची जुनी फियाट अकराशे आहे, पुढची दारं उलटी उघडणारी. दारं आपल्या गाडीला उपयोगाची नाहीत. इंजिन काढायला मिस्त्री बसला आणि म्हणाला, "नाना, हिला मारू नका, ही तुमच्यापेक्षा ठणठणीत आहे." तो गाडीबद्दल बोलत होता असं मी धरून चालतो. नानांचा जीव काही झाला नाही. आता दोन गाड्यांना सुटे भाग लागतात, आणि त्यासाठी ते तिसरी बघताहेत.

सरकारनंही नानांसाठी दार उघडून पाहिलं. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षं उलटलेल्या, मूळ रूप राखलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. वीस हजार रुपये भरा, दहा वर्षं निर्धास्त. अट एवढीच की रोजच्या वापराला ती चालणार नाही, फक्त प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेता येईल. मंडईत जाता येणार नाही म्हणून घरचे हळहळले. नानांनी मात्र नियम दोनदा वाचला आणि म्हणाले, "दुरुस्तीला नेता येते ना? मग रोजच नेता येते." मग घोडं अडलं कुठे? वीस हजारांपाशी. तेवढ्यात त्यांना जुन्या बाजारात एक हेड दिसलं होतं, न फेसलेलं.

नाना एकटे नसतात. साऱ्या महाराष्ट्रभर नानांचं जाळं पसरलेलं असतं आणि त्यात पैसा क्वचितच फिरतो. साताऱ्याचा नाना डायनॅमो देतो, नाशिकचा नाना त्याबदली बंपर पाठवतो, एसटीच्या पार्सलनं. प्रत्येकाला दुसऱ्याच्या माळ्यावर काय आहे ते तोंडपाठ असतं. त्यांच्यातला एखादा गेला की बाकीचे मनापासून हळहळतात, समाचाराला जातात, पिठलं-भात जेवतात. दहाव्याच्या आत गॅरेजचा विषय काढायचा नाही, एवढा संकेत कटाक्षानं पाळतात. अकराव्या दिवशी फोन येतो. गेलेल्याचा मुलगा बहुधा बंगळुरूत असतो, त्याची गाडी विजेवर चालते आणि त्यानं आदल्याच दिवशी सगळे डबे किलोच्या भावानं देऊन टाकलेले असतात.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. माळा आवरताना राजीव गांधींच्या काळातल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही जड हाताला लागलं, तर ते भंगारात देऊ नका. जवळच्या नानांना जरूर कळवा. फक्त फोन काकूंनी उचलला, तर सत्यनारायणाचं आमंत्रण द्यायला केला होता म्हणून सांगा.