कोंडलेल्या हवेचे माहात्म्य

मे महिन्याच्या दुपारी दारं-खिडक्या लावून घ्याव्यात, ही खानदेशातली पूर्वापार रीत. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश, तापीवरून येणारा वारासुद्धा भाजून काढणारा. तेव्हा जे काही गार आहे ते आत कोंडून ठेवावं, एवढं शहाणपण आमच्याकडे शाळेत जाण्याआधीच येतं. प्रकाशा गावात ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदाराने हाच न्याय आपल्या जुन्या कॉम्प्युटरला लावला, यात नावं ठेवण्यासारखं काही नाही. सीपीयू टेबलाच्या खालच्या कप्प्यात, कप्प्याला दार, दाराला कडी. पाठ भिंतीला अशी टेकलेली की मधून पोस्टकार्ड जाणार नाही. घरात आणि या डब्यात फरक आहे तो एवढाच, की घराच्या आत दिवसभर शेगडी पेटलेली नसते आणि डब्याच्या आत असते. पण इतक्या बारीक फरकांकडे लक्ष देत बसणाऱ्या माणसाचा धंदा होत नाही.

ही शेगडीही साधीसुधी नव्हे, पेन्टियम 4 ची आहे. 2004 साली आलेल्या नव्या पेन्टियम 4 मध्ये काही प्रोसेसर एकटेच 115 वॅटपर्यंत उष्णता टाकणारे होते. बनवणाऱ्या इंटेल कंपनीला त्याची धास्ती वाटली. तिने कॅबिनेट करणाऱ्यांना आधीच कळवून ठेवलं होतं, की प्रोसेसरच्या पंख्याच्या तोंडाशी पोचणारी हवा 38 अंशांच्या वर जाता कामा नये. त्यासाठी कॅबिनेटच्या कुशीला भोक पाडा आणि आतून प्लास्टिकचं नळकांडं बसवा, म्हणजे बाहेरची हवा थेट पंख्यावर येईल. हिशेबाला खोली धरली होती 35 अंशांची. 35 अंश! आमच्याकडे ते तापमान होळीच्या आसपास निरोप घेतं. एवढा घाबरट हिशेब करणाऱ्यांनी पुढे बीटीएक्स नावाची मांडणीच काढली, हवा समोरून शिरून सरळ मागे जावी म्हणून सगळा मदरबोर्ड फिरवून टाकला, आणि 2006 मध्ये तीही गुंडाळली. आमच्या दुकानातल्या कॅबिनेटला कुशीचं भोक आहे. त्यावर ‘आज रोख, उद्या उधार’ असं स्टिकर लावलेलं आहे. जागा बरोबर डोळ्यासमोर येते.

आता आत काय आहे ते सांगायला हवं, कारण हे वैभव सहसा कुणाच्या नजरेला पडत नाही. 1955 मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी प्रकाशाची पांढरी खणली, तेव्हा ताम्रपाषाण काळापासून पुढचे चार कालखंड थरावर थर सापडले. या कॅबिनेटचं झाकण काढलं तर तोच अभ्यास घरबसल्या होतो. वरचा थर रस्त्याच्या धुळीचा, पिवळसर, बोटाला मऊ लागणारा. त्याखाली कापसाचे तंतू, वेचणीच्या हंगामातले. त्याखाली उदबत्तीची राख. अगदी तळाला पालीच्या अंड्यांची दोन टरफलं आणि 2011 चा बसच्या तिकिटाचा कपटा. पण खरी प्राचीन वस्ती प्रोसेसरच्या पंख्याखाली आहे. हीटसिंकच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर धुळीची अखंड गादी जमली आहे, चिमटीत धरून उचलली तर एका तुकड्यात निघेल अशी. पंखा वरून प्रामाणिकपणे फिरतो, हवा गादीपर्यंत जाते आणि नमस्कार करून परत येते. गादीखाली थर्मल पेस्ट. तिची केव्हाच वाळून खपली झाली आहे.

या सगळ्याला दसऱ्याला हळदकुंकू लागतं, हे वेगळं सांगायला नको. स्वस्तिक पुढच्या जाळीवर. झेंडूची माळ वरून मागे सोडलेली, ती एसएमपीएसच्या पंख्यासमोर लोंबते आणि दिवाळीपर्यंत बाहेर येणाऱ्या गरम हवेत हळूहळू वाळत जाते. उदबत्ती खोचायला पुढच्या पट्टीला आयती भोकं आहेत. कारखान्याने ती हवेसाठी पाडली असं म्हणतात. आमच्या लोकांनी त्यांचा योग्य उपयोग शोधून काढला.

इतकं करूनही दुपारी मशीन मंदावतं. प्रोसेसर फार तापला की जळण्याऐवजी तो आपणच आपला वेग कमी करतो, अशी सोय पेन्टियम 4 मध्ये मुळातच होती. म्हणजे यंत्रही दुपारी वामकुक्षी घेतं. माणसाला त्याबद्दल कुणी दोष देत नाही, तसा यंत्रालाही देऊ नये, आणि दुकानदार देतही नाही. तो मागे न बघता सांगतो, “सर्व्हर डाऊन आहे.” सातबारा काढायला आलेले आजोबा मान हलवतात, शिष्यवृत्तीच्या फॉर्मवाली पोरं मोबाइल काढतात, शेजारच्या चहावाल्याच्या आठ-दहा कटिंग खपतात. पंखा साफ केला असता तर यातलं काहीच घडलं नसतं. गावाचं अर्थकारण अशा नाजूक गोष्टींवर उभं असतं. क्वचित एखादा पोरगा विचारतो, “काय व्हयनं भाऊ, मशीन तपी गयं का?” त्याला रांगेच्या शेवटी पाठवावं.

अगदीच बंद पडू लागलं तर कारागीर येतो. त्याच्याकडे दोन रामबाण उपाय आहेत. पहिला, रॅम काढून तिचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबराने घासणे. दुसरा, फॉरमॅट मारणे. धूळ हार्डवेअरमध्ये असली तरी औषध विंडोजला द्यायचं, ही चिकित्सा पद्धत वरवर पाहता अजब वाटेल. पण फॉरमॅट होईपर्यंत झाकण उघडं असतं, संध्याकाळ होते, मशीन गार पडतं आणि चालू लागतं. रोगी बरा, वैद्य खूश. पेस्टही त्याने एकदा बदलली होती, टूथपेस्ट लावून. आठवडाभर काम फक्कड झालं, मग तीही वाळली. पुदिन्याचा वास मात्र अजून येतो.

कूलर हा त्यावरचा राजमान्य मार्ग. वाळ्याच्या ताट्यांतून आलेली ओली हवा थेट कप्प्यावर सोडायची. पुढून पाणी, आतून वीज, मध्ये धुळीची गादी, जी ओली झाली की चिखल होते आणि मग कधीच उडत नाही. उडणारी धूळ आरोग्याला वाईट, हे कुणीही डॉक्टर सांगेल.

याउलट वागणारी माणसंही असतात. शहाद्याला शिकणारा एक पोरगा सुट्टीत आला आणि त्याने कप्प्याचं दारच उपटून ठेवलं. डबा भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. ब्लोअरने धूळ काढताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवली. म्हणे जोराने गरगरली तर खराब होतात. हार्ड डिस्कची ती रुंद, चपटी, राखाडी पट्टी बरोबर पंख्यासमोर पडदा धरून उभी होती, ती घडी घालून बाजूला बांधली. मागच्या बाजूला काढलेल्या कार्डांच्या जागी चिरा उघड्या होत्या, त्यांना पत्र्याच्या पट्ट्या लावल्या, कारण हवा आळशी असते, जवळची वाट मिळाली की लांब जात नाही. मग पुढे खाली एक पंखा आत घेणारा, मागे वर एक बाहेर टाकणारा. पंख्याच्या कडेला बाण कोरलेला असतो, तो बघून लावला. आधीचे दोन समोरासमोर लावलेले होते आणि इतकी वर्षं एकमेकांशी भांडत होते. जुन्या 80 मिलिमीटरच्या किंचाळणाऱ्या पंख्याऐवजी जागा होती तिथे 120 चा बसवला. मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा ओढतो. सगळा खर्च दोन पंख्यांचा आणि पेस्टच्या एका पुडीचा, तीही मुगाच्या दाण्याएवढीच लावली. बाहेर बेचाळीस अंश असताना आत तीस करता येणार नाहीत, पंखा हवा हलवतो, गार करत नाही, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगून टाकलं. अशा माणसावर कोण विश्वास ठेवणार? दुपारी दोनला मशीन धावू लागलं, सर्व्हर डाऊन म्हणायची सोय गेली आणि चहावाल्याने दोन दिवस त्याच्याकडे रागाने पाहिलं. पोरगा परत गेल्यावर दार पुन्हा बसवलं, हे ओघाने आलंच.

विज्ञानही आमच्याच बाजूचं आहे. गूगलच्या लोकांनी 2007 मध्ये एक लाखाहून जास्त हार्ड डिस्कचा हिशेब मांडला, तर गरम डिस्क जास्त मरतात असं काही ठळक दिसलं नाही. फारच तापलेल्या तेवढ्या वगळून, असं ते पुढे म्हणतात. ते वाक्य वाचायची गरज नाही. मदरबोर्डवरच्या कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांमागे निम्मं होतं, हा ठोकताळाही तसाच बाजूला ठेवावा. डोकी फुगलेले कपॅसिटर दिसायला भरदार दिसतात. आणि परदेशात काय मोठं शहाणपण चाललंय? मायक्रोसॉफ्टने 2018 मध्ये 864 सर्व्हर एका नळकांड्यात भरून स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांजवळ समुद्रात बुडवले, गार राहावेत म्हणून, आणि 2020 मध्ये वर काढले. बुडवायचंच असेल तर आमच्याकडे तापी-गोमाईचा संगम पायऱ्यांसकट तयार आहे. फक्त इथे सोडलेलं परत वर काढायची प्रथा नाही.

यंदा दुकानदाराच्या भाच्याने सुरतेहून नवं कॅबिनेट आणलं. जुन्या पत्र्याच्या डब्याला निदान पुढे जाळी होती. याची पुढची बाजू अखंड काचेची. आत सहा पंखे, सातही रंगांत उजळणारे, गिऱ्हाईकं फॉर्म विसरून बघत राहतात. सहाच्या सहा पंखे हवा बाहेर टाकणारे आहेत. आत घेणारा एकही लावला नाही, कारण तो फिरवून बसवला की पंख्याची पाठ दिसते आणि फोटो चांगला येत नाही.