ऐकलंत का, चाळीस दिवसांचं?

अहो, जरा इकडे सरका, कुंपणापाशी. ऐकलंत का? तळमजल्यावरच्या वहिनींनी परत किलोभर ओली हळद आणलीये! मिक्सरचं भांडं पिवळंजर्द झालंय, घासून निघेना म्हणून कामवाली कुरकुरत होती. त्यांच्या जावेला गाठ आहे ना छातीत... असो. तर काय सांगत होते, हे सगळं त्या क्रिकेटवाल्या नवज्योतसिंग सिद्धूच्या व्हिडिओपासूनचं.

तोच हो, नोव्हेंबर 2024 मधला. अमृतसरला पत्रकार परिषद, आणि म्हणे बायकोचा चौथ्या स्टेजचा कॅन्सर 40 दिवसांत पळाला! लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंब. साखर बंद, दूध बंद. बोलतो काय झोकात तो माणूस! ग्रुपवर नुसते हात जोडलेले. बाईंचं ऑपरेशन झालं होतं, केमो झाली होती, ते कुणाच्या कानातच शिरलं नाही.

मग आपल्या परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलनं काढलं की पत्र. आजी-माजी मिळून 262 कॅन्सरतज्ज्ञांच्या सह्या! हळद-कडुनिंबानं कॅन्सर बरा होतो याला पुरावा नाही, संशोधन चाललंय, पण तेवढ्यासाठी उपचार लांबवू नका. मी जिन्यातच वाचून दाखवलं. वहिनींचं तोंड एवढंसं झालं. पण हार मानतील तर शपथ! म्हणाल्या, "या डॉक्टरांपैकी कुणाच्या बायकोला झाला होता का?" घ्या! आता यावर काय बोलणार?

खरं सांगू, त्यांनाही नावं ठेववत नाहीत हो. व्हिडिओत बायकोसाठी झटणारा नवरा, पत्रात नुसत्या सह्या. परळहून बरे होऊन घरी गेलेले काय थोडे आहेत? पण त्यांचा व्हिडिओ काढतंय कोण!

तर काय सांगत होते... हां. दोन-तीन दिवसांत सिद्धूंनीच सारवासारव केली. डाएट डॉक्टरांना विचारूनच होतं, उपचारांना जोड म्हणून. हे आलं तुमच्याकडे फॉरवर्ड होऊन? आमच्याकडेही नाही.

आणि जावेच्या बायोप्सीची चिठ्ठी फ्रिजवर मॅग्नेटखाली तश्शीच. आधी म्हणे 40 दिवस होऊ देत. मी काल सरळ तिच्या नवऱ्यालाच फोन लावला. सोमवारी नेतायत तिला परळला. वहिनींना अजून पत्ता नाही, तुम्ही बोलू नका हं कुठे!